माझ्या साक्षीला तारीख नाही

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी साक्ष द्यायला उभं राहिलं की तारीख लागतेच. अमुक साली, अमुक संमेलनात, रात्रीच्या सभेला प्रभूने मला स्पर्श केला आणि त्या दिवसापासून माझं आयुष्य बदललं. ऐकायला छान वाटतं, खोटं असतं असंही मी म्हणत नाही. पण मला कुणी विचारलं की भाऊ, तुम्हाला पाचारण कधी झालं, देवाने तुम्हाला कशासाठी बनवलंय हे कधी कळलं, की मी अडखळतो. कारण माझ्याकडे तारीख नाहीये. माझ्याकडे एक वही आहे, कोपरे दुमडलेली, आणि तिच्यातल्या बऱ्याच पानांवर नुसती ऑफिसची रड आहे.

तरी लोक विचारतात, विशेषतः तरुण पोरं, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय.

आम्ही मूळचे नगरचे, नेवासा तालुक्यातल्या वडाळा मिशनकडचे. अमेरिकन मराठी मिशनची पहिली माणसं १८१३ ला मुंबईत उतरली आणि १८३१ ला त्यांनी नगरला काम सुरू केलं, आमचं घराणं मात्र उलट्या रस्त्याने आलं, नगरहून मुंबईला, गिरणीत. आजोबा भायखळ्याला चाळीत राहायचे. आता आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात असतो पण मंडळी अजून भायखळ्याचीच, दर रविवारी आई पांढरी साडी नेसून लोकलने जाते म्हणजे जातेच, मेगाब्लॉक असला तर आदल्या रात्रीपासून कुरकुर. भेटल्यावर सलाम म्हणणारी माणसं आम्ही, आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांना त्याची अजून गंमत वाटते.

आता आईबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या आधी तिची दोन बाळं दगावली होती. मग तिने हन्नासारखा नवस केला, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे ना ती, मूल दिलंस तर तुलाच देईन म्हणणारी. म्हणजे मी पोटात यायच्या आधीच माझं करिअर ठरलं होतं. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होणार. संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करण्यात पहिला यायचो तेव्हा तर सगळ्या मावश्या, आत्या गालाला हात लावून म्हणायच्या, आमचा छोटा पाळकसाहेब. आणि मी काय झालो, तर बीकॉम करून मरोळला मेडिक्लेमचे क्लेम तपासणाऱ्या कंपनीत चिकटलो.

ते काम बाहेरच्यांना कळत नाही म्हणून दोन ओळी. तुम्ही हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होता, कॅशलेस मागता, ती फाईल इन्शुरन्स कंपनीच्या वतीने आमच्यासारखे लोक बघतात. डिस्चार्ज समरी आहे का, बिलाचा ब्रेकअप आहे का, आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा तर नाही, ग्लोव्हज आणि कापूस बिलात घातलाय तर तेवढे पैसे कापा. कागद कमी असला की क्वेरी टाकायची. मी क्वेरी टाकायचो. दिवसभर. पलीकडे कुणाचा तरी बाप आयसीयूत आहे आणि मी लिहितोय की कृपया पहिल्या कन्सल्टेशनचा कागद जोडावा. काम बेकायदेशीर नव्हतं, चुकीचंही नव्हतं, कागद लागतातच, पण संध्याकाळी मरोळ नाक्याहून मेट्रोत उभा राहिलो की वाटायचं देवाने मला यासाठी जन्माला घातलं का? आईच्या नवसाचं हे झालं का?

आमच्या घरात भिंतीवर यिर्मया २९:११ चं कॅलेंडर. तुमच्याही असेल. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, असं ते वचन. तीस-पस्तिशीच्या प्रत्येक ख्रिस्ती पोराच्या व्हॉट्सॲप स्टेटसला ते कधी ना कधी लागलेलं असतं. मी ते बघून वैतागायचो. संकल्प तुला माहितीये देवा, चांगलंय, मला कधी सांगणार?

मग त्या वयात सगळे जे करतात ते मी केलं. उपास-प्रार्थना केल्या. यूथ ग्रुपमध्ये एक कृपादानांची, म्हणजे देवाने कुणाला कुठली देणगी दिलीय त्याची, टेस्ट भरली, त्यात विधानं असतात आणि तुम्ही स्वतःला मार्क द्यायचे, मी माझ्या परीने प्रामाणिक मार्क दिले आणि रिझल्ट आला ॲडमिनिस्ट्रेशन. बाजूच्याला आला भविष्यवाद, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणं. काय वाटलं असेल मला विचारू नका. मावसभाऊ एका मोठ्या मीटिंगला घेऊन गेला, मंडपात हजारो लोक, पुढे बोलावलं, एका पाहुण्या सेवकाने कपाळावर हात ठेवून सांगितलं की प्रभू म्हणतो तू राष्ट्रांना जाशील. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. मी घरी येऊन सांगितलं तर आई एकदम खूश, दुसऱ्या दिवशी तिने पासपोर्टच्या फॉर्मची चौकशी केली.

शेवटी मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेलो. म्हटलं मला पुण्याला सेमिनरीत, पाळक व्हायचं शिक्षण घ्यायला, जायचंय, तुमचं शिफारसपत्र लागेल आणि मंडळीच्या कमिटीचं पण लागेल. मला वाटलं मिठी मारतील. ते म्हणाले बस, चहा घे. मग म्हणाले, "जायचंय का पळायचंय?"

मी म्हटलं पाचारण आहे. ते म्हणाले असेल, पण मी एक वर्ष पत्र देत नाही. एक वर्ष तू नोकरी सोडायची नाहीस, मंडळीत देतो ती सगळी कामं करून बघायचीस, आणि रोज रात्री वहीत दोनच गोष्टी लिहायच्या. आज कुठे जिवंत वाटलं, आणि आज कुठे कोरडं वाटलं. का वाटलं ते लिहायचं नाही. विश्लेषण नाही, वचन जोडायचं नाही, नुसती नोंद. आणि वही मला वर्षाने आणून दाखव.

आता आमचे पाळकसाहेब पक्के प्रोटेस्टंट, पण ही वहीची आयडिया त्यांनी कॅथलिकांकडून उचलली होती, आणि हे त्यांनी लपवलंही नाही. इग्नेशियस लोयोला, ज्याने पुढे जेझुइट संघ काढला, तो आधी सैनिक होता, १५२१ ला पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला आणि महिनोन्महिने खाटेवर पडला. वेळ घालवायला त्याने शूरवीरांच्या प्रेमकथा मागितल्या, घरात त्या नव्हत्या, मिळालं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या गोष्टी. मग पडल्या पडल्या तो दोन्ही प्रकारची स्वप्नं रंगवायचा, कधी मोठा सरदार होऊन एका बाईचं मन जिंकायची, कधी संतांसारखं जगायची. रंगवताना दोन्हीत मजा यायची. पण सरदारकीचं स्वप्न संपलं की मन कोरडं पडायचं आणि दुसरं संपलं तरी आनंद मागे उरायचा. हा फरक त्याच्या लक्षात आला, बस एवढंच, आणि त्यावर पुढे त्याने आख्खी साधना उभी केली. पाळकसाहेब म्हणाले, मजा कशात येते ते बघू नको, मजा संपल्यावर काय उरतं ते बघ.

आमच्या ऑफिसात वसईची एक मुलगी होती, कॅथलिक, तिला वहीबद्दल सांगितलं तर ती हसलीच, म्हणाली अरे हे आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात, तू वांद्र्याला रिट्रीटला चल. मोत माऊलीच्या टेकडीवर जेझुइटांचं रिट्रीट हाऊस आहे, तिथे एक वीकएंड गेलो. बोलायचं नाही, मोबाईल बंद. मला वाटलं होतं शांततेत देव बोलेल. पहिला दिवस मी जवळपास झोपूनच काढला. दुसऱ्या दिवशी डोक्यात एका पेंडिंग क्लेमचा नंबर फिरत होता. तिथल्या फादरना हे सांगितलं, जरा लाजतच, तर ते म्हणाले मग त्या क्लेमसाठीच प्रार्थना करा ना, तो नंबर कुणाचा आहे? मला नाव आठवेना. नंबर पाठ होता, नाव नाही. हे मी रात्री वहीत लिहिलं आणि झोपलो. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही, जेवण मात्र चांगलं होतं.

वर्षभर मी मंडळीत सगळं केलं. उपदेश केले. खरं सांगायचं तर मी बरा बोलतो, लोक दाराशी थांबून हात मिळवायचे, छान झालं म्हणायचे. वहीत त्या रविवारची नोंद बघितली तर सकाळी मस्त, रात्री कोरडं. दुसऱ्या उपदेशाला तेच. तिसऱ्यालाही. रात्री मी वचनाचा विचार करत नव्हतो, कोण काय म्हणालं त्याची उजळणी करत होतो. कॉयरमध्ये गेलो, तिथून लवकरच सन्मानाने बाहेर काढण्यात आलं. संडे स्कूल घेतली, मुलं गोड असतात पण तासाभराने मला घाम फुटायचा. इस्पितळ भेटीच्या गटात गेलो, लोक खाटेशी उभं राहून स्तोत्र वाचायचे, प्रार्थना करायचे, मी मात्र टेबलावर पडलेली फाईल चाळायला लागायचो आणि पेशंटच्या मुलाला विचारायचो की ह्याचं प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरीसाठीचे कागद, गेलंय का. एका ताईंनी मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं, अहो प्रार्थनेच्या वेळी तरी.

आणि मग शेवगावचे मामा आले. आईचे चुलतभाऊ, तंबाखूची सवय आयुष्यभराची, गालात आतून जखम झाली होती, ती भरेना म्हणून नगरच्या डॉक्टरांनी परळला टाटाला पाठवलं. कोविडच्या आधीची गोष्ट. ज्यांनी टाटाचा परिसर पाहिलाय त्यांना सांगायला नको, १९४१ पासूनचं हॉस्पिटल, देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात, बंगाल, बिहार, यूपी, आणि उपचार महिनोन्महिने चालतात त्यामुळे ज्यांची राहायची सोय होत नाही ते आजूबाजूच्या फुटपाथवर पथारी टाकतात. मामांना आमचं घर होतं, पण त्यांना मी आधी भेटलो ते तिथेच गेटच्या बाहेर, कारण ते भल्या पहाटे एसटीने येऊन थेट हॉस्पिटलला गेले होते. गालाला रुमाल, आणि हातात कपड्याच्या दुकानाची एक कॅरीबॅग, तिच्यात सगळे कागद कोंबलेले.

मी ती पिशवी उपडी केली फुटपाथवरच, पेपर अंथरून. बायोप्सीचा रिपोर्ट, त्याच्यात खताच्या दुकानाची पावती. एक्स-रे. केशरी रेशनकार्ड, पावसात भिजून वाळलेलं, घडीवर फाटायला आलेलं. सोसायटीच्या कर्जाची नोटीस. आधार कार्डाची झेरॉक्स, तिच्यावर नावापुढे 'राव' आणि रेशनकार्डावर नुसतं नाव, राव नाही. हे बघितल्या बघितल्या माझ्या पोटात गोळा आला, कारण दिवसभर मी हेच करायचो, नाव मिसमॅच म्हणून फाईल मागे पाठवायचो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती, आता पाच लाख झालीय, पण रेशनकार्ड आणि ओळखपत्र जुळलं पाहिजे हे तेव्हाही होतं. काउंटरवर आरोग्यमित्र असतो, तो हॉस्पिटलकडून मंजुरीसाठी ऑनलाईन फाईल पाठवतो, त्याला काय लागतं, कुठल्या क्रमाने लागतं, कशामुळे क्वेरी येते, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मी बसून यादी केली. शेवगावला मामांच्या मुलाला फोन लावला, तहसीलला जा, हा दाखला असा असा घे, त्यावर दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं लिहून घे, शिक्का तारखेवर येऊ देऊ नकोस, तारीख वाचता आली पाहिजे. मामा बाजूला बसून बघत होते. त्यांना बोलताना त्रास व्हायचा. मध्येच म्हणाले, "तुला वाचता येतं रे हे सगळं?"

आमच्या बाजूला परभणीकडचं एक कुटुंब बसलं होतं, ते आमचं बघत होते. त्यांनी हळूच त्यांची पिशवी पुढे सरकवली. मग अजून एक. ऑफिसला त्या दिवशी मी हाफ डे टाकला होता, तो फुल डे झाला. रात्री वहीत लिहिलं: परळ, फुटपाथ, जिवंत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावरही ते उरलेलं होतं, हे मुद्दाम नोंदवलंय, अक्षर घाईतलं आहे पण आहे.

मामांची मंजुरी आली, जबड्याचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. पुढे काही वर्षं जगले ते. नातीचं लग्न बघितलं त्यांनी, मांडवात खुर्चीत बसून.

वर्ष झाल्यावर वही घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पेन्सिलने वर्तुळं करायला लागले. जिथे जिथे जिवंत होतं तिथे. मामा. परभणीवाले. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनचा ईएसआयचा फॉर्म. आजीचं पेन्शन. ऑफिसमध्ये एका म्हाताऱ्या बाईंचा नाकारलेला क्लेम मी परत उघडायला लावला तो दिवस. मी स्वतः लिहिलेलं होतं सगळं, तरी एकत्र कधी बघितलं नव्हतं. मी म्हटलं पाळकसाहेब, पण हे तर कारकुनी आहे. यात सेवा कुठे आली?

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते नीट लिहितो. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढ म्हणाले. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत भांडण झालं, कशावरून, तर ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावललं जातंय म्हणून. म्हणजे वाटपाची यादी नीट नव्हती. प्रेषितांनी सात माणसं निवडायला लावली, आणि अट काय घातली, तर आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असलेली माणसं पाहिजेत. यादी सांभाळायला! मग निर्गम ३१ काढलं. बसालेल, देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं, ते उपदेशासाठी नाही, सोन्या-चांदीचं, पितळेचं, लाकडाचं काम करायला. मग पहिलं करिंथ १२. पौलाने कृपादानांची यादी दिलीय, प्रेषित, संदेष्टे, शिक्षक, आणि त्याच यादीत मदत करणारे आणि व्यवस्था बघणारे पण आहेत, चमत्कारांच्या आणि भाषांच्या मधोमध. माझी ती टेस्ट आठवली. तेव्हा मला लाज वाटली होती रिझल्टची.

आणि शेवटी रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय, जो कुणी वाचत नाही कारण नुसती नावं आहेत, ह्याला सलाम सांगा, त्याला सलाम सांगा. बाविसावं वचन. हे पत्र लिहून काढणारा मी तर्तिय, मीही तुम्हाला सलाम सांगतो. पौल तोंडाने सांगत होता, लिहीत होता तर्तिय. ज्या पत्राने ऑगस्टिनचं आयुष्य फिरलं, ल्यूथरचं फिरलं, ते एका लेखनिकाच्या हातचं आहे आणि त्या बिचाऱ्याला आख्ख्या बायबलमध्ये मिळालेली जागा म्हणजे हे एक वाक्य. मी तेवीस वर्षं ते पुस्तक वाचत होतो आणि हा माणूस मला दिसला नव्हता. त्या दिवशी घरी येताना लोकलमध्ये मी त्याच्याचबद्दल विचार करत होतो, हात दुखला असेल का त्याचा.

पाळकसाहेबांनी यिर्मयाचंही एक सांगितलं, कॅलेंडरवाल्या वचनाचं. ते म्हणे पत्र आहे, बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं, सगळ्या जमावाला, आणि त्यात अकराव्या वचनाच्या आधी सातवं येतं: ज्या नगरात मी तुम्हाला पाठवलंय त्या नगराच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याचं भलं झालं तर तुमचं होईल. दहाव्यात सत्तर वर्षं थांबायचंय असंही सांगितलंय. सातवं आणि दहावं कॅलेंडरवर छापत नाहीत. म्हणाले, तू विचारतोस माझ्यासाठी काय प्लॅन आहे, आणि देव सांगतोय बाबा आधी ह्या शहराचं बघ. मला हे पटलं. अजूनही पटतं. पर्पज हा शब्द आम्ही असा वापरतो जणू देवाने प्रत्येकाच्या नावाचं सीलबंद पाकीट कुठेतरी ठेवलंय आणि ते सापडलं नाही तर आयुष्य फुकट. मला तरी तसं पाकीट मिळालं नाही, मला दुसऱ्यांच्या पिशव्या मिळाल्या.

नारायण वामन टिळकांचं उदाहरण आमच्या लोकांत नेहमी देतात, १८९३ ला रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसाने नवा करार हातात दिला आणि सगळं बदललं. खरंय. पण बाप्तिस्मा १८९५ ला, तोही मुंबईत, आणि मिशनची पगारी नोकरी सोडून स्वतःचा देवाचा दरबार त्यांनी मांडला तो १९१७ ला, पन्नाशी उलटून गेल्यावर. डब्यातली भेट सगळ्यांना पाठ, मधली चोवीस वर्षं कुणी सांगत नाही.

राहिली आई. तिला सांगणं सगळ्यात अवघड होतं. पाळकसाहेब पत्र द्यायला तयार होते, ते स्वतः म्हणाले, जायचं असेल तर आता जा, माझी हरकत नाही, मीच म्हटलं नको. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, हन्नाने शमुवेलाला मंदिरात सोडलं होतं, हॉस्पिटलच्या फुटपाथवर नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवस तिचा होता, दोन बाळं तिची गेली होती, मी कोण तिला बायबल समजावणार. कमिटीतल्या एका काकांनी पण ऐकवलं, की चांगली माणसं सेवेत येत नाहीत म्हणून मंडळ्या रिकाम्या पडतायत. त्यांचंही खोटं नाही.

मग कमिटीपुढे पाळकसाहेबांनी वेगळाच विषय ठेवला. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौलावर हात ठेवून पाठवलं तसं आपण ह्याला ह्या कामासाठी पाठवूया, आणि हॉलमधलं एक कपाट, एक टेबल आणि झेरॉक्स मशीन द्या. झेरॉक्स मशीनवरच जास्त चर्चा झाली, टोनरचा खर्च कोण करणार. रविवारी उपासनेच्या शेवटी त्यांनी पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवला, वडीलमंडळींनीही ठेवले, आणि त्यानंतर हॉलमध्ये पहिली व्यक्ती माझ्यापुढे येऊन बसली ती कमिटीतल्या त्याच काकांची बायको, मोतीबिंदूच्या बिलाचे कागद घेऊन.

तेव्हापासून रविवारी उपासनेनंतर टेबल आणि शनिवारी परळ. काय काय करतो ते थोडं सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. फुले योजना तर आहेच. धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात हे अजूनही कित्येकांना माहीत नसतं, उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटायचं. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज. सिद्धिविनायक न्यासाचा अर्ज, तोही मी भरून देतो, एकदा एका काकूंनी माझ्या गळ्यातला क्रॉस बघितला आणि म्हणाल्या तुम्हाला चालतं का हो हे, मी म्हटलं काकू, स्पेलिंग बरोबर असलं की सगळं चालतं. राहायची सोय नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधी चौकशी करा, टाटाच्या पेशंटसाठी ती मोठाच आधार आहे.

टेबलाचा एक नियम मी पहिल्या दिवसापासून ठेवलाय आणि त्यावरून मंडळीत वादही झालेत. धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायच्या नाहीत, फॉर्मच्या बदल्यात प्रार्थना नाही. समोरचा माणूस घाबरलेला आहे, त्याला मंजुरी हवीय, तो कशालाही हो म्हणेल, आणि तसा हो मला नको. कुणी स्वतःहून म्हणालं प्रार्थना करा तर करतो, मराठीत, साधी, डोळे मिटून. नाव घेऊन करतो. फाईल नंबर नाही.

एक मित्र म्हणतो हे तर कुठलीही एनजीओ करते, ह्यात देव कुठे आला. मी त्याच्याशी वाद घालत नाही. एनजीओवाले माझ्यापेक्षा चांगलं करतात, त्यांच्याकडूनच अर्ध्या गोष्टी शिकलोय. मला एवढंच माहितीये की काही शनिवारी मंजुरी येत नाही, किंवा येते आणि माणूसच राहत नाही, आणि तेव्हा सोमवारी परत मरोळला जाऊन क्वेरी टाकायची ताकद माझ्यात माझी नसते. ऑफिसातलं कामही बदललंय थोडं, मी आता एकाच वेळी सगळे कागद मागतो, तीनदा नाही. बॉसला सुरुवातीला आवडलं नव्हतं. कोरडे दिवस अजून येतात, मध्यंतरी तर सलग बरीच पानं कोरडीच होती, पाळकसाहेब म्हणाले असू दे, लिहीत राहा.

आत्ताची अडचण वेगळी आहे. ऑफिसने प्रमोशन देऊ केलंय, पुण्याच्या टीमवर, पगार चांगला वाढतोय, ह्या महिन्याअखेर सांगायचंय. म्हणजे टेबल, परळ, भायखळा सगळं सुटणार, आणि जी पोरं माझ्यासोबत शिकतायत त्यातली दोघंच अजून स्वतंत्रपणे फाईल लावू शकतात. देवाने मला ह्या शहरात ठेवलंय की ह्या कामात ठेवलंय, हे मला आत्ता खरंच सांगता येत नाही. वही परत रोज लिहितोय. वसईवाली म्हणते परत रिट्रीटला चल. पाळकसाहेब रिटायर झालेत, फोन केला तर म्हणाले, आता तूच वर्तुळं कर. आईला विचारलं, मला वाटलं ती तरी नको जाऊ म्हणेल. ती मटार सोलत होती, वर न बघताच म्हणाली, "पुण्यात काय माणसं आजारी पडत नाहीत का? आणि सेमिनरी पण तिथेच आहे."